कनवटीला बसेल असा चाकू

प्रभामावशी,

गल्लीच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स लागलाय. मागे निळे ढग, वरून झेंडूचा हार, कोपऱ्यात हात जोडलेले मंडळाचे अध्यक्ष आणि मधोमध तू. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली 'शस्त्रत्यागाची पहिली मशाल' असं टाकलंय. ते वाक्य माझं आहे. आमच्या मोहिमेच्या पत्रक क्रमांक दोनमधून उचललंय, मला न विचारता. फोटोही मीच काढलेला. मंडळाच्या ऑफिसातल्या पेटीपाशी उभी आहेस, हातात उघडा चाकू, आणि चेहऱ्यावर तो भाव, पाण्याच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं की यायचा तो. खालून पोरं जातात. काल एक दुसऱ्याला म्हणाला, "मावशी काय खतरनाक दिसते रे, डायरेक्ट भाई."

तुला हसू आलं असतं. मला आलं नाही.

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. तुझं गाव, तुझी नोकरी, मागे कोण कोण राहिलं, हे उद्याच्या शोकसभेत वाचून दाखवतील. तो कागदही मीच टाइप केलाय. इथे ते नको. मला तुला एकच गोष्ट सांगायचीय, आणि तू समोर असताना ती सांगायची हिंमत झाली नाही. तुझा चाकू परत मिळावा म्हणून पोलिसांकडे अर्ज करते, केलाय, मंजूर झालाय, असं मी तुला तीन वेळा सांगितलं. अर्ज मी केलाच नव्हता. एकदाही नाही.

ज्यांनी फक्त फ्लेक्स बघितलाय त्यांना तो चाकू कळणार नाही. फोटोत पातं चमकतंय ते फ्लॅशमुळे. तुझं पातं कधी चमकायचं नाही, तव्यासारखं काळपट होतं. शिवडीच्या गोदामात तू बारदान शिवायचीस, फाटक्या गोणींना ठिगळं लावायचीस, तेव्हा रे रोडच्या एका लोहाराकडून तो करून घेतला होतास. तुटक्या करवतीचा तुकडा, शिसवी मूठ, मुठीच्या गळ्याशी पितळी कडी. कडी फिरवली की उघडलेलं पातं अडकायचं, उलटी फिरवली की मिटायचं. पातं तुझ्या तर्जनीएवढं. आणि त्याला टोक नव्हतं. टोक तू पहिल्याच दिवशी दगडावर घासून गोल केलंस, कारण टोकदार पातं सुतळी कापता कापता गोणीत घुसतं, धान्य सांडतं आणि मुकादम आईबापावरून बोलतो. म्हणजे तो चाकू कुणाला भोसकू शकतच नव्हता. भोसकायला गेलं असतं तर समोरच्याला गुदगुल्या झाल्या असत्या. हे मला माहीत होतं, मावशी. दहा वर्षं माहीत होतं.

गोदाम बंद झालं तरी चाकू तुझ्या कनवटीला राहिला. साडीला खिसा नसतो, हे चाकू बनवणाऱ्या जगातल्या एकाही माणसाला कधी सुचलेलं नाही. सगळे चाकू पँटवाल्यांसाठी. तू मात्र हिशेब लावून ठेवला होतास: "कनवट अंड्याचा वजन सांभाळता. त्याच्या वर गेला की गाठ सुटता." तुझा चाकू अंड्याहून हलका होता. त्याने तू भाजीच्या जुडीचा दोरा कापायचीस, दुधाची पिशवी कापायचीस, माझ्या चपलेचा निघालेला अंगठा कापून तिथेच सुतळीने बांधून द्यायचीस. एकदा तुझ्या मैत्रिणीच्या, कुंदाकाकूच्या पायाला बांधलेलं प्लास्टर खाजतं म्हणून तू त्याची कड तासून दिली होतीस, आणि काकू किंचाळत होती, "प्रभे, पाय ठेव गो माझा!"

याच कुंदाकाकूला आणि आणखी चार बायकांना घेऊन तू महिन्यातून एका रविवारी किल्ल्यावर जायचीस. बूट नाहीत, काठ्या नाहीत. साडी वर खोचलेली, पाठीला नातवंडांची जुनी दप्तरं, आत भाकऱ्या. तुमच्या त्या टोळीला नाव नव्हतं. मी म्हटलं, मी बॅनर करून देते. तू म्हणालीस, "बॅनर कोण उचलतला? तू?"

मी दहावीला नापास झाले तेव्हा पहिल्यांदा तू मला ओढून नेलंस. घरात आठवडाभर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. वर पोचल्यावर तू कनवटीतून चाकू काढलास, काकडी कापलीस आणि कडू देठ माझ्या हातावर ठेवलास. "ह्यो खा. मगे बाकीची गोड लागतली." मी रडत रडत देठ खाल्ला. उपदेश नाही, 'नापास होणं म्हणजे शेवट नाही' वगैरे नाही. पुढे मी चळवळीत आले, भाषणं शिकले, पत्रकं लिहायला लागले, पण माणसाला उभं कसं करायचं हे मला त्या काकडीपलीकडे कुणी शिकवलेलं नाही. आणि मी काय केलं, तर तीच काकडी कापणारा चाकू तुझ्याकडून काढून घेतला.

समोरच्या चाळीतल्या साहिलवर वार झाला, तिथून हे सुरू झालं. एकोणीस वर्षांचा पोरगा, एका रीलखालच्या कमेंटवरून. वाचला, पण अजून भिंत धरून चालतो. वार करणाराही आपल्याच गल्लीतला, माझ्या शाळेतला. मला राग आला. राग आला की मी लिहिते. 'चाकू टाका, माणूस व्हा' हे पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. आमच्या संघटनेला आवडलं. मंडळाच्या ऑफिसात जिन्याखाली पत्र्याची पेटी ठेवली, झाकणाला फट, वर लाल अक्षरांत: नाव विचारणार नाही, टाका आणि जा. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. एकदा आत काहीतरी खुळखुळलं म्हणून उघडली, तर गुटख्याची पुडी आणि नेलकटर.

चौथ्या दिवशी मी तुझ्या दारात.

"मावशी, तुझा चाकू दे."

"काय कापतंस?"

"कापायचं नाही. पेटीत टाकायचाय. तू टाकलास की बाकीचे टाकतील."

तू तांदूळ निवडत होतीस. हात थांबला नाही. "माझ्या चाकून आजपर्यंत कोणाचा काय कापल्यान? काकडी?"

"तेच तर! उदाहरण हवंय मला."

"ज्येच्याकडे टोकाचो आसा तेचो आधी घे."

"ते देत नाहीत ना."

"मगे जो देता, तेचोच घेतंस?"

यावर मी जे बोलले ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. नैतिक दबाव. सामूहिक जबाबदारी. सुरुवात आपल्यापासून. तू ताटातला एक खडा उचललास, बाहेर टाकलास, आणि म्हणालीस, "मरांदे. घे." पदराने चाकू पुसलास, मिटलास, दिलास. एवढंच. पेटीपाशी तू तो मिटलेलाच टाकत होतीस. मी थांबवलं. "उघड ना मावशी, मिटलेला चाकू फोटोत कळत नाही."

फोटो व्हायरल झाला. तुझ्यामागून म्हाताऱ्या आल्या. मूठ निघालेली विळी, नारळाचा गंजका कोयता, कुणाच्या तरी सासऱ्याचा वस्तरा. एका आजीने तर बोथट झालेली किसणी आणली, "हिचा काय करू?" म्हणून. पोरगा एकही नाही. चौकातल्या एकाला मी धरलंच. "तुझा कुठाय?"

"ताई, माझा ऑनलाइन मागवलाय. आला की टाकतो ना, रिव्ह्यू लिहून."

सगळी खिदळली. मी पत्रक क्रमांक दोन लिहिलं.

पेटी आम्ही ढोल वाजवत पोलीस ठाण्यात नेली. हवालदाराने एकेक वस्तू काढून यादी केली. तुझा चाकू उलटापालटा करून बघितला, पात्याच्या पुढच्या गोलाईवरून अंगठा फिरवला आणि लिहिलं, 'घडीचा चाकू एक, टोक नसलेला.' मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, हा कुणाचा?"

मी म्हणाले, "एका जागरूक नागरिकाचा."

पुढचा रविवार जवळ आला तशी तू म्हणालीस, "आता दुसरो बघूक होयो." मी वैतागले. मोहिमेची पहिली मशाल आठवड्याभरात नवा चाकू घ्यायला निघाली, हे कुणाला कळलं तर? पण तुला एकटीला पाठवायचं म्हणजे तू कुणाकडूनही काहीही घेऊन यायचीस. म्हणून आले तुझ्याबरोबर, क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या त्या हत्यारांच्या गल्लीत. तोंडाला ओढणी बांधून आले होते, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

दुकानदाराने काचेवर चार चाकू मांडले. तू बटव्यातून उकडलेलं अंडं काढलंस.

"मौसी, नाश्ता बाद में करना."

"नाश्ता नाय रे. वजन."

डाव्या तळव्यावर अंडं, उजव्यावर चाकू, डोळे मिटून. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत राहिली. पहिला चाकू म्हणजे आख्खं दुकान होतं: करवत, पेचकस, शिट्टी, होकायंत्र. तू म्हणालीस, "ह्यो नांगर. होडयेक बांध." दुसरा हलका होता, पण खटका दाबला की पातं सणकन बाहेर. मला गल्लीतल्या पोरांकडे असतो तोच दिसला. तू वेगळंच बघत होतीस. "कनवटीत उघडलो तर?" तिसरा आवडला. अंड्याहून हलका, मूठ खरखरीत, ओल्या हातातून सुटणार नाही अशी. पण तो मिटायला आतली पत्र्याची पट्टी अंगठ्याने बाजूला ढकलावी लागायची, आणि तुझ्या उजव्या अंगठ्यात गोदामातला दाभण आरपार गेला होता, तो वाकायचा नाही. तू चारदा प्रयत्न केलास. पाचव्यांदा चाकू काचेवर ठेवलास आणि अंगठा पदराखाली घेतलास. चौथ्याला अडकणच नव्हती. दुकानदार म्हणाला, सेब काटो, संत्रा काटो. तू त्याला समजावलंस की दोरी ओढून कापताना अडकण नसलेलं पातं आपल्याच बोटांवर मिटतं. मग तू त्याला तुझ्या जुन्या चाकूची पितळी कडी हवेत काढून दाखवलीस, बोट फिरवून फिरवून.

"वैसा अब कौन बनाता है, मौसी."

"आणि टोक घासून मेळात?"

"नोक निकाल दी तो चाकू क्या रहा?"

"चाकूच रवलो," तू म्हणालीस. "बाकीचा काय ता जाता."

बाहेर येऊन आपण फुटपाथवर अंडं अर्धं अर्धं खाल्लं आणि भांडलो. मी म्हटलं, चाकूच कशाला हवा, कात्री घे, कात्रीला कुणी घाबरत नाही. तू म्हणालीस, एका हातात दोरी नायतर कोणाचो पाय असता, कात्रेक दोन बोटां घालूक येळ खय? मी म्हटलं, पोलीस धरतील. तू म्हणालीस, "माका? धरांदे, घराक गाडीन तरी सोडतले." मग तू थांबलीस. दम लागला होता तुला. सपाट फुटपाथवर. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही, कारण मला वाद जिंकायचा होता.

"तुझा पत्रक चाकवाशी बोलता गो," तू म्हणालीस. "पोरांशी बोलणा नाय."

"पोरं ऐकत नाहीत, मावशी."

"विचारलंस कधी? चाकू कित्याक लागता, म्हणान?"

मी विचारलं नव्हतं. मला माहीत होतं ना उत्तर: बेरोजगारी, मर्दानगीचा माज, ड्रग्ज, बिल्डर. सगळं पत्रकात होतं. तू एवढं साधं विचारलंस आणि मी उत्तर म्हणून समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून तुला कात्री घेऊन दिली. लाल प्लास्टिकच्या मुठीची, शाळेतली. तीही तू घेतलीस. कनवटीला लावलीस. माझ्याकडून तू काय घेतलं नाहीस कधी?

त्या रविवारी मी तुमच्याबरोबर होते, म्हणून हे ऐकीव नाही. कर्जतच्या बाजूचा तो छोटा किल्ला. अर्ध्या चढावर शेताला नायलॉनचं जाळं लावलं होतं, आणि त्यात शेळीचं पिल्लू अडकलेलं. जाळं मानेला आणि मागच्या पायाला आवळलेलं. जेवढं ओढत होतं तेवढं घट्ट होत होतं. तू दप्तर टाकलंस आणि खाली बसलीस. डाव्या हाताने त्याची मान उचलून धरलीस आणि उजवा हात सवयीने कनवटीला गेला. कात्री निघाली.

नायलॉन कात्रीच्या दोन पात्यांमध्ये दुमडत राहिलं, कापलं जात नव्हतं. तू दोन्ही हात लावलेस तर मान सुटत होती. कुंदाकाकूने पाय धरले. मी काय केलं? मी मदतीसाठी ओरडत धावले, वस्तीकडे, कारण ओरडणं मला येतं. तिथून एक बाई कोयता घेऊन आली तोवर तू एक दोरा दगडावर ठेवून दगडाने ठेचून तोडला होतास, एक दातांनी. तुझ्या ओठातून रक्त येत होतं. कोयत्याने उरलेलं जाळं दोन घावांत तुटलं. पिल्लाचा पाय मोडलेला होता. त्या बाईने त्याला उचललं, मानेवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाली, "गेलं."

मी वाट बघत होते. बोल ना, 'बघ तुझी कात्री' असं म्हण, मी उलट बोलेन, भांडू आपण. तू कात्री परत केलीस, पाती वाकलेली, आणि म्हणालीस, "हिना कागद काप." मग वर न जाता आपण खाली उतरलो. तुझा तो शेवटचा किल्ला होता, आणि तू तोही पुरा चढली नाहीस.

त्याच संध्याकाळी, स्टेशनबाहेर चहा पिताना, तू पहिल्यांदा विचारलंस. "माझो चाकू परत मेळात काय गो?"

"अर्ज करते उद्या."

दुसऱ्यांदा महिन्याभराने. तोवर तुझ्या छातीचे फोटो काढून झाले होते. बारदानाची धूळ, तीस वर्षांची, आत जाऊन बसलेली. गोदामाचा मालक कधीचाच टॉवर बांधून मोकळा झालाय, तुझ्या फुप्फुसाचा भाग त्याच्या ब्रोशरमध्ये नाही. यावर मी पत्रक लिहायला हवं होतं! नाही लिहिलं. चाकूवरची मोहीम जोरात होती. तू गॅलरीत खुर्ची टाकून बसली होतीस. "अर्जाचा काय झाला?"

"केलाय गं. प्रोसेस चालू आहे."

प्रोसेस. हा शब्द आपण कुणाच्या तोंडून ऐकतो, मावशी? जिथे जिथे मोर्चा नेला तिथल्या प्रत्येक साहेबाच्या तोंडून. मी त्यांच्यावर शिव्यांची पत्रकं काढलीत. आणि तुला, माझ्या मावशीला, मी तोच शब्द दिला.

का केला नाही अर्ज? घाबरले म्हणून नाही. विसरले म्हणूनही नाही. मोहिमेच्या पहिल्या बाईने चाकू परत मागितला, ही बातमी होईल म्हणून. 'कामात होते' असं मी स्वतःला सांगायचे, ते खोटं आहे. मी पत्रक क्रमांक दोन वाचवत होते.

तिसऱ्यांदा हॉस्पिटलात. तोंडावर मास्क होता. तू विचारलं नाहीस, उजवा हात फक्त कमरेपाशी नेलास, जिथे गाऊनची नाडी होती, आणि माझ्याकडे बघितलंस. मला लगेच कळलं. सून बाहेर औषधं आणायला गेली होती, आपण दोघीच होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "अर्ज मंजूर झालाय मावशी. उद्या मिळेल." तू डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस.

तुला कळलं होतं का? मी या एका प्रश्नावर अकरा दिवस अडकलेय. कळलं असेल तर तू मला तशीच सोडून गेलीस, 'मरांदे' म्हणून. कळलं नसेल तर तू माझ्यावर विश्वास ठेवून वाट बघत गेलीस. दोन्हींपैकी काय बरं, मला ठरवता येत नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. अर्ज लिहून. पहिला. यादी करणारा तोच हवालदार होता. त्याने वाचला, मागच्या खोलीत जाऊन आला.

"ते सगळं गेलं मॅडम. नाश करायला."

"सगळं?"

"टोक नसलेला, तोच ना? मला लक्षात आहे." त्याने अर्ज माझ्याकडे परत सरकवला. "अहो, गुन्ह्यातला थोडाच होता. महिन्या-दोन महिन्यात आला असतात तर सही घेऊन हातात दिला असता. विचारायला कोण आलंच नाही."

दोन मिनिटांचं काम होतं. एक सही.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज सभा झाली.

मंडळाचा हॉल भरला होता. तुझ्या रविवारच्या पाचही बायका पहिल्या रांगेत होत्या. कार्यक्रमपत्रिका मीच केलेली: हार, परिचय, मनोगतं, दोन मिनिटं स्तब्धता, चहा. कुंदाकाकू बोलायला उठली आणि एवढंच म्हणाली, "ती पुढे चालायची. आम्हाला वाटच माहीत नाही." आणि बसली. मग अध्यक्ष उठले. त्यांनी जाहीर केलं की तुझ्या नावाने मोहिमेचा दुसरा टप्पा सुरू होणार, आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्यांत पेट्या, आणि पत्रक अर्थातच आपली मेघा, म्हणजे मी, लिहिणार. टाळ्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे लोकांच्या टाळ्या वाजवून झाल्यावर लक्षात आलं. मागच्या भिंतीला टेकून साहिल उभा होता. त्याने वाजवल्या नाहीत.

मी उभी राहिले. पत्रकासारखं बोलले नाही, मला वाटतं. म्हटलं, मावशीचा चाकू शस्त्र नव्हता. त्याला टोक नव्हतं. मला माहीत होतं. मी तो मागितला कारण ती नाही म्हणणार नव्हती. तिने तो परत मागितला, तीनदा, आणि मी तिला खोटं सांगितलं. पेटीत एकाही पोराचा चाकू आला नाही, आणि त्यांना तो का लागतो हे मी एकालाही विचारलं नाही. तो चाकू असता तर त्या दिवशी डोंगरावर मावशीला दातांनी...

अध्यक्षांचा हात माझ्या खांद्यावर आला. वाईट माणूस नाही तो, तुला माहीत आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माइक त्यांनी हळूच आपल्याकडे घेतला.

"ताई भावुक झाल्यात. साहजिक आहे. आपण सगळेच झालोय. तर मी विनंती करतो, सर्वांनी जागेवर उभं राहून दोन मिनिटं स्तब्ध राहून मावशींना आदरांजली वाहावी."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या. मला अजून बोलायचं होतं. पण स्तब्धता सुरू झाली की बोलायचं नसतं, हा नियम मी स्वतः कितीतरी सभांत लोकांना दटावून पाळायला लावलाय. मीही मान खाली घातली आणि गप्प उभी राहिले.